लहान थंड पाण्यातले मासे: टाकी कोणती घ्यावी, सोबत कोणाची द्यावी

हीटर न लावता छोटे मासे पाळायचे म्हटलं की तीन नावं हमखास पुढे येतात: व्हाइट क्लाउड, झेब्रा डॅनिओ आणि मेडाका. तिन्ही चार-पाच सेंटिमीटरचे, काटक आणि थव्याने राहणारे. मग कुठलाही घेतला तरी चालेल, असं वाटणं साहजिक आहे. पण तिघांना लागणारं पाणी वेगळं आणि जागाही वेगळी. म्हणून आधी टाकी विकत घेऊन मग तिच्यात काय सोडायचं याचा विचार करू नये. आधी मासा ठरवावा.

गोल्डफिश मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. विकत घेताना तो बोटाएवढा असतो, पण साध्या जातीचा गोल्डफिश वाढून ३० सेंटिमीटरपर्यंत जातो. गोल, पोटाळ जातीसुद्धा १५-२० सेंटिमीटरच्या होतात. तो भरपूर घाण करतो आणि तोंडात मावेल तो मासा गिळतो. थंड पाणी दोघांनाही चालतं एवढ्यावरून त्याला व्हाइट क्लाउडच्या शेजारी ठेवू नका.

व्हाइट क्लाउड हा दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूजवळच्या बायुन डोंगरातल्या ओढ्यांचा मासा. १९३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. साधारण १६ ते २२ अंश सेल्सियस पाण्यात त्याचे रंग खुलतात, नर पर पसरून एकमेकांसमोर मिरवतात. ६० सेंटिमीटर लांब टाकीत आठ-दहांचा थवा मजेत राहतो. मात्र पाणी आठवडेच्या आठवडे २६-२७ अंशांवर राहणार असेल तर हा मासा घेऊ नये. तो लगेच मरत नाही, म्हणून चालतंय असं वाटत राहतं. पण तो थकतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं.

डॅनिओ जास्त सोसतो. १८ ते २५ अंश त्याला मानवतं, काही दिवस पाणी याहून थोडं गरम झालं तरी तो निभावून नेतो. त्याची अडचण तापमानाची नाही, धावण्याची आहे. तो दिवसभर टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुसाट पोहत असतो. आकाराने व्हाइट क्लाउडएवढाच असला तरी त्याला ७५-८० सेंटिमीटर लांबी द्यावी. शिवाय तो उडी मारतो, त्यामुळे झाकण हवंच. दोन-तीनच ठेवले तर ते एकमेकांच्या मागे लागून पर कुरतडतात. आठ असले की तीच खोड सगळ्या थव्यात वाटली जाते आणि कोणा एकाला त्रास होत नाही.

मेडाका भातखाचरांतला, संथ पाण्यातला मासा. तो वरच्या थरात राहतो, ऋतूंप्रमाणे होणारा पाण्याच्या तापमानातला चढ-उतार सहज झेलतो, आणि मादी अंड्यांचा झुपका काही तास पोटाला चिकटवून फिरते. (१९९४ मध्ये कोलंबिया अवकाशयानात मेडाकाच्या जोड्यांनी अंडी घातली आणि त्यांतून पिल्लंही निघाली, इतका हा चिवट.) त्याला खोल पाणी नको, पसरट जागा हवी. फिल्टरचा जोरदार झोत मात्र त्याला सोसत नाही, तेव्हा स्पंजातून पाणी हळू ओढणारा स्पंज फिल्टर उत्तम.

आता टाकीच्या आकाराकडे. ६० × ३० × ३० सेंटिमीटरची आडवी टाकी आणि ३० × ३० × ६० ची उभी टाकी, दोन्हींत पाणी मावतं ५४ लिटरच. पण आडव्या टाकीत पाण्याचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटिमीटर, उभीत फक्त ९००. हवेतला प्राणवायू पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून, आणि हे मासे पोहतात ते आडवे. उभी टाकी खोलीत देखणी दिसत असेल, या माशांसाठी ती निम्म्या कामाची. गोल बाउलबद्दल तर विचारच करू नका. पाणी थोडं, पृष्ठभाग अरुंद, आणि तापमान दिवसभरात खाली-वर होत राहतं.

हा प्राणवायूचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे. १५ अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे साडेसात. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि नेमका तेव्हाच साठा घटतो. म्हणून मासा निवडताना तुमच्या खोलीतलं सर्वांत थंड पाणी किती थंड यापेक्षा सर्वांत गरम पाणी किती गरम हे आधी बघा. साध्या बादलीत पाणी भरून टाकीच्या जागी ठेवा आणि ऐन उन्हाळ्यात दुपारी थर्मामीटर बुडवा. आकडा २४ च्या आत राहिला तर व्हाइट क्लाउड घ्या. त्याच्या थोडा वर जात असेल तर डॅनिओ, बराच वर जात असेल तर मेडाका. पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण उडालेलं पाणी रोज भरावं लागतं.

सोबत्यांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: ६० सेंटिमीटरच्या टाकीत पोहणारा थवा एकच असावा. व्हाइट क्लाउड आणि डॅनिओ एकत्र भांडत नाहीत, पण खाणं पडलं की डॅनिओ आधी पोचतात आणि व्हाइट क्लाउड मागे राहतात. दुसरी जात हवीच असेल तर ती तळाशी राहणारी निवडा.

तळासाठी पेपर्ड कोरी हा छोटा कॅटफिश सर्वांत सोयीचा. तो सहा-सात सेंटिमीटरचा होतो आणि व्हाइट क्लाउडसारखंच थंडसर पाणी त्याला आवडतं. पण त्यालाही पाच-सहांचा गट लागतो, आणि खाली बारीक वाळू लागते, कारण धारदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. थवा आणि कोरी दोन्ही ठेवायचे तर ८० सेंटिमीटरची टाकी धरा. मधूनच तो झटक्यात वर येऊन हवा गिळतो. ती त्याची सवय आहे, घाबरू नका. हिलस्ट्रीम लोच या तळाच्या माशाला जोराचा प्रवाह आणि शेवाळलेले दगड लागतात. तो डॅनिओबरोबर जमतो, मेडाकाबरोबर अजिबात नाही. डोजो लोच लहान असताना मोह पाडतो, पण २० सेंटिमीटरच्या पुढे जातो. छोट्या टाकीतून तो वगळाच.

चेरी श्रिंप, म्हणजे गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या कोळंब्या, तिन्ही माशांबरोबर राहतात. मोठे श्रिंप सुरक्षित, पिल्लं मात्र खाल्ली जातात. दाट मॉस (पाण्यातली बारीक झुपकेदार वनस्पती) लावलं तर बरीच वाचतात. गोगलगायी बिनधास्त ठेवा. बेटा आणि निऑन टेट्रा हे मासे उबदार पाण्याचे. मधलं तापमान ठेवून त्यांना यांच्यात बसवायला गेलं की दोघांचेही हाल होतात.

कोणतीही जोडी ठरवा, मासे आणण्याआधी टाकी मुरू द्या. फिल्टरमधले जिवाणू विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि थंड पाण्यात ते सावकाश वाढत असल्याने जास्तही लागू शकतात. चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की आधी पोहणारा थवा सोडा. दोन-तीन आठवडे आकडे शून्यावर टिकले की कोरी आणा. श्रिंप सर्वांत शेवटी, टाकीत थोडं शेवाळ धरल्यावर.