‘कुत्र्यानं सोफा फाडला तरी क्लेम बसतो’ असं सांगून विकला जाणारा घरविमा

मराठवाड्यात घरविमा आपणहून विचारून घेणारे थोडेच. बहुतेकांकडे तो गृहकर्जाच्या फाइलीसोबत येतो, नाहीतर ओळखीतला एजंट गळ्यात मारतो. दारात कुत्रं दिसलं, की विकणाऱ्याच्या तोंडी ठरलेलं वाक्य येतं: ‘भाऊ, यानं सोफा फाडला, दार कुरतडलं तरी क्लेम बसतो.’

बसत नाही. शंका घेणाऱ्याला गप्प करायची युक्ती मात्र हुशारीची आहे. एजंट पॉलिसीतलं ‘काय वगळलं आहे’ हे पान उघडतो आणि म्हणतो, ‘यात कुठं कुत्रं-मांजर लिहिलंय का दाखवा.’ खरंच लिहिलेलं नसतं, आणि गिऱ्हाईक सही करून मोकळं होतं. पाहायचं असतं ते त्याच्या आधीचं पान.

१ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकाच मसुद्याची पॉलिसी आली. विमा नियामक आयआरडीएआयने तिचे शब्द ठरवून दिले आहेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी मूळ मजकूर बदलत नाही. ही पॉलिसी संकटांची यादी देते: आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणं, बाहेरच्या वस्तूची धडक, दंगल, दहशतवादी कृत्य, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं-ओसंडणं, आणि यांपैकी काही घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरी. नुकसान या यादीतल्या संकटानं झालं तरच पैसे मिळतात. दात, नखं, मूत यांचा यादीत पत्ताच नाही, म्हणून वगळण्याच्या पानावर त्यांचं नाव लिहायची कंपनीला गरज पडत नाही. उंदरांनी कुरतडलेली फ्रिजची वायरही याच हिशेबानं बाहेर राहते.

याचा अर्थ प्राण्याचा संबंध आला की क्लेम गेला, असाही नाही. पॉलिसी विचारते ते ‘काय घडलं’. मांजरानं पणती पाडली, पडदा पेटला आणि खोली जळाली, तर ती आग आहे आणि क्लेम बसतो. कुत्र्यानं टीव्हीची वायर चावली आणि शॉर्टसर्किट झालं, तर तो टीव्ही गेला तो गेला. विजेच्या दोषानं बिघडलेलं ते उपकरण वगळलेलं आहे. पण तिथून आग पसरून कपाट जळालं, तर कपाटाचे पैसे मागता येतात. हा फरक एजंट सांगत नाहीत, कारण त्यातल्या बहुतेकांनाच तो ठाऊक नसतो.

गुरं असलेल्या घरांनी धडकेचं कलम नीट वाचावं. जुन्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत जनावराच्या धडकेचा उल्लेख होता, पण जनावर विमेदाराचं किंवा घरात राहणाऱ्याचं नसावं, ही अट होती. म्हणजे दुसऱ्याच्या देवणी वळूनं फाटक पाडलं तर भरपाई. स्वतःच्या लाल कंधारी बैलानं दावं तोडून तेच फाटक पाडलं तर काही नाही. गृह रक्षामध्ये शब्द ‘बाहेरची भौतिक वस्तू’ असे आहेत आणि उदाहरणं वाहन, झाड, विमान, भिंत अशी आहेत. वानरांनी गच्चीवरचं सोलर पॅनल फोडलं तर ते यात बसतं का, यावर वाद होऊ शकतो. घराची आवारभिंत, फाटक, सोलर, पाण्याची टाकी हे सगळं ‘इमारत’ या व्याख्येत येतं; गोठा मात्र राहण्याची जागा नसल्यानं आपोआप येईल असं धरू नका. जनावर दगावलं तर त्याला पशुविमा वेगळा, आणि तोही जनावराचे पैसे देतो, त्यानं पाडलेल्या भिंतीचे नाही. कुत्र्याच्या उपचाराला आणि ते कुणाला चावलं तर येणाऱ्या जबाबदारीला पाळीव प्राण्यांची वेगळी पॉलिसी मिळते. इंटरनेटवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहून ‘घरविम्यात कुत्रा चावल्याची जबाबदारी येते’ असं पुष्कळ जण सांगतात. ती तिथल्या पॉलिसीची गोष्ट आहे.

आता खोटं कव्हर विकतात कसं ते. सर्वांत सोपा प्रकार म्हणजे साध्या कागदावर ‘पेट कव्हर समाविष्ट’ असा शिक्का मारून तो पॉलिसीला टाचायचा आणि त्याचे दीड-दोन हजार वरून घ्यायचे. पॉलिसीत खरोखर काही वाढवलं असेल तर त्याचं एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद करणारा कंपनीचा जोडकागद, निघतं, त्यावर पॉलिसी क्रमांक असतो आणि त्याचा प्रीमियम जीएसटीसह पावतीवर दिसतो. दुसरी खूण पैशांची: रक्कम एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर मागितली, तर थांबा. प्रीमियम कंपनीच्या खात्यात पोचल्याशिवाय जोखीम सुरूच होत नाही, विमा कायद्याचं कलम ६४व्हीबी तेच सांगतं.

दुसरा प्रकार जास्त महागात पडतो, आणि कुत्र्याच्या गप्पांत तो लक्षात येत नाही. फ्लॅटची बाजारभावाची किंमत, जागेसकट, विमा रक्कम म्हणून टाकतात. गृह रक्षा फक्त पुन्हा बांधायचा खर्च देते. ८०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि २,००० रुपये फूट बांधकाम धरलं तर विमा रक्कम १६ लाख होते. तिथं ५० लाखांचा प्रीमियम भरण्यात अर्थ नाही. घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, एवढं कव्हर आपोआप असतं. या हिशेबात ते ३ लाख २० हजार. दागिने त्यात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. आणि कर्जाच्या फाइलीत ‘घराचा विमा’ म्हणून जे दिलं ते कधी कधी कर्जदाराच्या जिवाचा विमा निघतं. पहिल्या पानावर घराचा पत्ता आणि बांधकामाचा प्रकार नसेल तर तो घराचा विमा नाही.

पैसे देण्याआधी कंपनीच्या अधिकृत ईमेलवर एकच प्रश्न पाठवा: ‘माझ्या पाळीव कुत्र्यानं दार, सोफा, वायर चावून केलेलं नुकसान या पॉलिसीत देय आहे का? कलम क्रमांकासह कळवावे.’ एजंटचं व्हॉट्सॲपवरचं आश्वासनही जपून ठेवा, तक्रारीत ते कामाला येतं.

पॉलिसी आधीच घेतली असेल तर रागानं फाडून टाकू नका. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३ ला जमीनदोस्त झालं आणि सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यातली किती घरं पाण्यात गेली, हे सगळ्यांनी पाहिलं. भूकंप आणि पूर या पॉलिसीत आहेत, तिचा खरा उपयोग तिथं आहे. तरीही नकोच असेल तर ती केव्हाही रद्द करता येते. एक वर्षाच्या पॉलिसीत क्लेम झाला नसेल तर उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत मिळतो.

क्लेम नाकारला गेला की दुसरा ठग येतो. तो म्हणतो, ‘शॉर्टसर्किट झालं असं लिहा, निम्मे माझे.’ नुकसान तपासायला येणारा सर्व्हेअर वायर हातात घेऊन पाहतो. दातांनी तोडलेल्या आवरणाच्या कडा फाटलेल्या असतात, जळलेल्या वायरचं आवरण वितळतं आणि तांब्याच्या टोकाला मणी येतात. फोम चघळलेला आणि वर काडीनं जाळलेला हेही दिसतं. खोटा क्लेम सिद्ध झाला तर पॉलिसीच रद्द होते, आणि पुढच्या पावसाळ्यात पाणी घरात शिरलं तर हातात काही उरत नाही. ‘विमा नियामकाकडून बोलतोय, अडकलेला क्लेम सोडवायला शुल्क भरा’ असा फोन आला तर तो सरळ बंद करा. आयआरडीएआय पॉलिसी विकत नाही आणि बोनस वाटत नाही.

तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करा. दोन आठवड्यांत दाद लागली नाही तर ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवा. त्यानंतर विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा विमा लोकपाल; मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसाठी कार्यालय पुण्याला आहे. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षात, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही तर, तिथं जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, दावा ५० लाखांपर्यंतचा चालतो. अर्जासोबत पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान), प्रीमियमची पावती, शिक्क्याचा तो खोटा कागद, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि नकाराचं पत्र जोडा. मागणी ‘सोफ्याचे पैसे द्या’ अशी लिहिलीत तर पॉलिसीचे शब्द तुमच्या विरोधात जातील. ‘खोटं सांगून पॉलिसी विकली, प्रीमियम परत करा’ अशी लिहा.