सहा बाटल्या, एक अर्धी आणि पांढरा रस्सा: बर्फातल्या द्राक्षांच्या वाईनचा नऊ महिन्यांचा अनुभव

आधी हिशेब सांगतो. गेल्या एप्रिलपासून या डिसेंबरपर्यंत आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या घरात सहा पूर्ण बाटल्या आणि एक अर्धी उघडली. सगळ्या पांढऱ्या वाईनच्या, सगळ्या संकरित द्राक्षांच्या. लेक अमेरिकेत मिनियापोलिसला असते, तिच्याकडे आम्ही दोघांनी गेला हिवाळा काढला. येताना माणशी दोन लिटरची कस्टमची मुभा, म्हणजे दोघांचे चार लिटर, म्हणजे 750 मिलीच्या पाच बाटल्या. स्वेटरांत गुंडाळून आणल्या. लॅ क्रेसंट दोन, इटास्का दोन, ब्रियाना एक; ही सगळी द्राक्षांच्या वाणांची नावं. दिवाळीत पुतण्या टोरंटोहून आला, त्याने सेवाल ब्लाँची एक आणि विडालच्या आईसवाईनची अर्धी आणली. पिण्याचा परवाना आहे, विचारणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

मी वाईनमधला दर्दी वगैरे नाही. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप), आम्लता हे शब्द ऐकून घाबरत नाही एवढंच.

ही द्राक्षं वेगळी का, ते तिथल्या जानेवारीत अंगावर काटा आला तेव्हा समजलं. सकाळी उणे 26. युरोपातल्या नेहमीच्या वाणांचे डोळे, म्हणजे नवे कोंब फुटायच्या जागा, उणे 20 ते 25 च्या आसपास मरायला लागतात. तिथं ती लावायची तर दर थंडीत वेल आडवा करून मातीत पुरावा लागतो. पण तिथल्या नदीकाठी जंगली द्राक्ष आहे, व्हिटिस रिपारिया, ते उणे 35 लाही तग धरतं. त्याचा आणि युरोपीय वाणांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करत ही वाणं घडली. यातला मोठा माणूस एल्मर स्वेन्सन, विस्कॉन्सिनचा गाईगुरं पाळणारा शेतकरी. 1943 पासून स्वतःच्या शेतावर तो संकर करत राहिला. ब्रियाना त्याची, आणि लॅ क्रेसंटची एक पालक सेंट पेपिन, तीही त्याचीच. लॅ क्रेसंट मिनेसोटा विद्यापीठाने 2002 मध्ये आणली, इटास्का 2017 मध्ये.

आता चव. लॅ क्रेसंटचं बूच काढलं की आधी वास येतो. आमच्या हिने ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाली, "अहो, हे तर रात्रभर भिजवलेले जर्दाळू." अगदी तेच. थोडी संत्र्याची साल, थोडं फूल. आणि मग पहिला घोट, आणि जबड्याच्या मागे कैरी लागल्यासारखा झटका. रसातली आम्लता लिटरला 10 ग्रॅमच्या वर सहज जाते, म्हणून बनवणारे थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवतात. गोड आहे हे लक्षात येईपर्यंत आंबट येतं, आंबट म्हणेपर्यंत गोड. आपल्या पन्ह्याचाच खेळ आहे हा, फक्त गुळाऐवजी द्राक्षाची साखर.

मेहुण्याची तासगावला द्राक्षबाग आहे. त्याला पहिला ग्लास दिला तर म्हणाला, "दाजी, ही वाईन हाय का हिरव्या सफरचंदाचा रस?" बरोबर ओळखलंन. हिरव्या सफरचंदात जे आम्ल असतं, मॅलिक, ते या वाणांत भरपूर उतरतं. आपल्याकडे उलट. द्राक्ष पिकताना ऊन जास्त असलं की वेल हे मॅलिक जाळून टाकतो, म्हणून उष्ण मुलखातली पांढरी वाईन मऊ, बसकी होण्याचा धोका असतो. नाशिकवाले लवकर खुडून आणि थंड टाक्यांत आंबवून तो आंबटपणा राखतात. त्यांची शेनिन ब्लाँ मी घेतो, पुढेही घेईन, गल्लीतल्या दुकानात मिळते हाच मोठा गुण. पण हा झटका तिच्यात नाही.

खरी परीक्षा रविवारी. मटण आणलं, पांढरा रस्सा केला. नारळाचं दूध, खसखस, काजू, मटणाचं पाणी, पांढरी मिरी. या रश्श्याला तोंडात एक दाट साय चढते, तिसऱ्या वाटीला जीभ जड होते. लॅ क्रेसंटचा एक घोट घेतला की ती साय धुऊन निघायची आणि पुढची वाटी पहिल्यासारखी लागायची. मी चार वाट्या प्यालो, नेहमी अडीच पितो. तांबड्याचं मात्र वेगळं. तिखटावर मद्य आणखी जाळतं. इटास्का कोरडी, गोडी जवळजवळ नाही, तिच्यावर तांबडा रस्सा घेतला तर घशात निखारा. लॅ क्रेसंट फ्रीजमधून काढून लगेच घेतली तर तिची गोडी तिखट सांभाळते. तरीही तांबड्याला ताकच बरं, हे प्रामाणिकपणे सांगतो.

इटास्काचा सूर मंद आहे. पेअर, थोडं खरबूज, आंबटपणा लॅ क्रेसंटपेक्षा बराच कमी. पहिल्या दिवशी मला ती पाणचट वाटली होती. दुसऱ्या दिवशी उरलेली घेतली ती कोलीम घातलेल्या पालेभाजीबरोबर, आणि मत बदललं. ज्यांना 'आंबट वाईन' नको त्यांनी इथून सुरुवात करावी. दुसरी इटास्का माझ्या मूर्खपणाने गेली. फ्रीजमध्ये जागा नाही म्हणून वरच्या खोलीत कपाटावर ठेवली. मे महिना, वर पत्रा. जूनमध्ये उघडली तर रंग गव्हाळ आणि वास उकडलेल्या सफरचंदाचा. तशीच मोरीत ओतली.

ब्रियाना मला आवडली नाही. अननसाची गोळी चघळल्यासारखा वास, सुरुवातीला मजा, अर्ध्या ग्लासात कंटाळा. शेजारच्या तरुण पोरांना मात्र हीच सगळ्यात आवडली, म्हणजे दोष माझ्या वयाचाही असेल.

एकदा घरात घाबरगुंडी उडाली. लॅ क्रेसंटच्या शेवटच्या ग्लासात तळाशी काचेसारखे कण. हिने ग्लास हातातून काढून घेतला. मी ते कण बोटावर चिरडून चाटले. टार्टारिक आम्लाचं पोटॅशियम मीठ, थंडीत खाली बसतं, काही अपाय नाही. चिंचेतही तेच आम्ल. "म्हंजे चिंच कोळायची न्हाय, ग्लासात पडून र्‍हाती," मेहुणा म्हणाला.

हाच मेहुणा आधी 'संकरित' शब्दावर नाक मुरडत होता. त्याला म्हटलं, तुझ्या बागेत खाली काय आहे? डॉगरिज. म्हणजे टेक्सासकडचं जंगली द्राक्ष, तेही मुळात संकरच. क्षार आणि पाण्याचा ताण सोसतं म्हणून त्याच्या मुळावर थॉमसन द्राक्षाची काडी बांधतोस. आपण अमेरिकी वेल जमिनीखाली ठेवला, त्यांनी वर आणून घड धरला, फरक एवढाच. संकरांना नाकं मुरडणारा तो एकटाही नाही. 1930 च्या दशकात फ्रान्सने सहा अमेरिकी रक्ताची वाणं कायद्याने बंद केली. त्यात इझाबेला होती, म्हणजे आपली बंगलोर ब्ल्यू. त्या काळ्या द्राक्षाचा जो उग्र वास असतो, जेलीच्या गोळीसारखा, तो लोकांना संकर म्हटलं की आठवतो. लॅ क्रेसंट आणि इटास्कात त्याचा मागमूस नाही.

भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे बुरशीचे रोग यातल्या काही वाणांवर कमी पडतात हे ऐकल्यावर मात्र मेहुणा खुर्चीत पुढे सरकला, कारण त्याचा पावसाळा औषध मारण्यातच जातो. रोपं आणता येतील का, इथपर्यंत गेला. मला ते जमेल असं वाटत नाही. आपला वेल झोपतच नाही, आपण त्याला एप्रिलला खरड छाटून आणि ऑक्टोबरला फळछाटणी करून वर्षभर जागा ठेवतो. ते वेल अर्धं वर्ष थंडीत गाढ झोपणारे. त्यांना तासगावात आणून काय करायचं?

सेवाल ब्लाँबद्दल थोडक्यात: लिंबू पिळलेल्या गार पाण्यासारखी स्वच्छ. तळलेल्या सुरमईबरोबर उत्तम, नुसती प्यायला साधीच.

विडालची आईसवाईन हा वेगळाच प्रकार. फ्रान्समध्ये हे वाण घडवलं ते कोन्याकसाठी, आणि नाव काढलं कॅनडात. साल जाड, म्हणून घड हिवाळ्यापर्यंत वेलावर टिकतात. उणे 8 किंवा त्याखाली गोठलेलेच खुडून, गोठलेलेच दाबायचे. पाणी बर्फ होऊन आत राहतं, साखरेचा रस तेवढा बाहेर. आपण काकवी करताना पाणी आटवून घालवतो, ते गोठवून अडवतात. चवही काकवीच्या वाटेने जाते, पण मागून आंबट येतं म्हणून ओशट होत नाही. लहान पेल्यात, जेवणानंतर, सहा जणांत पुरली. अर्ध्या बाटलीची किंमत पुतण्याने सांगितली नाही, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

तोटे आहेतच. भारतात मला कुठे दिसल्या नाहीत, कुणी येणार-जाणार असेल तरच. तिथं बाटलीला 18-20 डॉलर पडले, पेट्यांनी साठवण्याची ही वाईन नाही, दोन-तीन वर्षांत संपवावी. आणि साठीनंतर सांभाळून. रात्री दोन ग्लास लॅ क्रेसंट आणि वर कांदा-लसूण चटणीचं जेवण झालं की पहाटे तीनला छातीत जळजळ ठरलेली. मी आता एकाच ग्लासावर थांबतो, तोही पांढऱ्या रश्श्याच्या दिवशी.

लेक मार्चमध्ये येतेय. तिला यादी कळवली आहे: लॅ क्रेसंट दोन. ब्रियाना नको. इटास्का आणायची असेल तर आधी सांग, फ्रीजमधली लोणच्याची बरणी हलवायला हिची परवानगी काढावी लागेल.