पिकअप ठेवायची की एक्स्चेंजला द्यायची?
बीएस-६ डिझेल पिकअपने वैताग आणला असेल, तर आधी दुखणं कुठलं ते बघा. डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा सारखा पेटतोय? मग बऱ्याचदा दोष वापराचा असतो. शेत ते बाजार समिती अशा छोट्या फेऱ्यांत सायलेन्सरच्या लाइनमधला हा फिल्टर पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि गाडी ओढायची बंद होते. ही देऊन दुसरी डिझेलच आणलीत, तर पुन्हा तेच रडगाणं. अधूनमधून हायवेला अर्धा तास एका लयीत पळवा. अशी गाडी मी तरी ठेवीन.

चेसिसला तडा असेल किंवा गिअरबॉक्स दोनदा उघडला असेल, तर मात्र मोह सोडा. एक्स्चेंजला भाव पडतोच. शोरूमवाला टायरच्या नक्षीत नख खुपसून मान हलवणार. एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत वेगवेगळी लिहून घ्या. बाहेर विकल्यास चार पैसे जास्त मिळतील, पण बँकेची एनओसी, बोजा उतरवायला फॉर्म ३५, नावावर करायला २९ आणि ३०, या चकरा तुमच्याच. गाडीला आठ वर्षं झाली की आरटीओचं फिटनेस सर्टिफिकेट दरवर्षी करावं लागतं. विकायचीच तर त्याआधी विका.