न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडला गेलात तर फोटोग्राफर ॲलिस ऑस्टेनचं घर बघाच

तिथे नेणारी फेरी बोट फुकट, उतरून एस५१ बस पकडायची की हार्बरच्या काठावरचं हे घर, आता म्युझियम आहे, छोटंसं पण मला जाम आवडलं. ॲलिस १८६६ची, दहाएक वर्षांची असताना मावशीच्या नवऱ्यानं आणलेला कॅमेरा हाती लागला आणि केमिकल्सचं काम मामानं शिकवलं, वरच्या मजल्यावरच्या एवढ्याशा कपाटात तिची डार्करूम (फोटो धुवायची अंधारी खोली) होती, आत नळ नाही म्हणून काचेच्या प्लेटा (तेव्हाच्या निगेटिव्ह) अंगणातल्या पंपावर धुवायची, थंडीतसुद्धा!! मैत्रिणी, टेनिस, शेजारीपाजारी, पुढे न्यूयॉर्कचे फेरीवाले नि पेपरवाली पोरं, सगळं टिपलंय, शिवाय निगेटिव्हच्या पाकिटांवर तारीख, वेळ, उजेड लिहून ठेवलाय. एवढी बाई आणि म्हातारपणी पूअरहाऊसमध्ये, म्हणजे गरिबांच्या सरकारी आश्रमात, राहावं लागलं, फार वाईट वाटलं. फोटोग्राफी करणाऱ्यांनी तर निवांत वेळ काढूनच जा.