घरी बांधलेल्या गाडीचे ‘पासिंग’ करून देणाऱ्यांपासून सावध राहा

स्वतःच्या शेडमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये मोटार बांधून ती आरटीओत नोंदवण्याच्या खटपटीत जे कोणी असतील, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. माझ्याकडून हप्त्याहप्त्याने सव्वादोन लाख रुपये घेऊन जी कागदपत्रे देण्यात आली, ती सर्व बनावट निघाली. याच माणसाने इतर हौशी मंडळींनाही गाठले असल्याचे पोलिसांकडून समजले, म्हणून गप्प बसणे योग्य वाटले नाही.

गाडी दोन आसनांची, उघडी. चौकोनी पाइपची चासी मी स्वतः वेल्ड केलेली, इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारात निघालेल्या मारुती ८०० चे, म्हणजे ७९६ सीसीचे कार्बुरेटरवाले, आणि बॉडी फायबरची. माझा लेथचा व्यवसाय असल्याने बांधणीची चिंता नव्हती. चिंता होती ती नोंदणीची. अशा वेळी एका ओळखीच्या गॅरेजवाल्यामार्फत स्वतःला ‘होमोलोगेशन सल्लागार’, म्हणजे वाहनाला नियमांनुसार मान्यता मिळवून देणारा जाणकार, म्हणवणारे एक गृहस्थ भेटले. त्यांचे बोलणे एजंटासारखे मुळीच नव्हते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ त्यांनी तोंडपाठ सांगितला, पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट अशी चाचणी संस्थांची नावे घेतली, आणि ‘वाहनाचा नमुना यांपैकी एका संस्थेकडून तपासून घेतला की आरटीओला नोंदणी करावीच लागते’ असे ठामपणे सांगितले.

या फसवणुकीची मेख इथेच आहे. नियम खरा, संस्था खऱ्या, नियमाचा क्रमांकही खरा. मात्र हा नियम वाहनांचे उत्पादक आणि आयातदार यांच्यासाठी आहे, आणि त्यात अपेक्षित असलेली तपासणी एका गाडीच्या हौशी मालकाला परवडणारी तर नाहीच, पण एकाच गाडीवर ती पूर्ण करणेही शक्य नाही, हे ते सांगत नाहीत. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येण्याची परवानगी देणारी सरकारी व्यवस्था आहे. आपल्याकडे हौशी बांधणीसाठी तशी वेगळी वाट नाही. कायद्याच्या दृष्टीने गाडी बांधणारा आणि मोठा कारखानदार एकाच रांगेत उभे राहतात.

मी शंका काढली तेव्हा त्यांनी आमच्याच सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण दिले. लोहार यांनी भंगारातून सुमारे साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती आणि तिचे व्हिडिओ सगळीकडे फिरले होते. ‘त्यांची गाडी एवढी गाजली, मग तुमचीच का अडेल?’ हा त्यांचा युक्तिवाद. गोष्टीचा उत्तरार्ध त्यांनी सोयीस्करपणे गाळला. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी त्या जीपचे कौतुक करतानाच, ती नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या प्रशासन ती रस्त्यावर चालू देणार नाही, असे स्पष्ट लिहिले होते, आणि त्या जीपच्या बदल्यात बोलेरो देऊ केली होती. जानेवारी २०२२ मध्ये तशी अदलाबदलही झाली. म्हणजे जे उदाहरण माझ्यापुढे आशेचे म्हणून ठेवले गेले, ते वस्तुतः नेमके उलट सांगणारे होते.

पुढे ‘चाचणी शुल्क’, ‘तांत्रिक अहवाल’, ‘पोर्टल नोंद’ अशा नावांनी पैसे मागितले गेले. प्रत्येक वेळी रक्कम एका व्यक्तीच्या खात्यावर. संस्थेच्या नावाची पावती किंवा जीएसटीचे बिल नाही, त्याऐवजी ‘शेवटी एकत्र मिळेल’ हे ठरलेले उत्तर. गाडी मात्र एकदाही शेडबाहेर नेली गेली नाही. एक मुलगा येऊन फोटो काढून, टेपने लांबी-रुंदी मोजून गेला, आणि काही आठवड्यांनी एका पाकिटातून चाचणी प्रमाणपत्र, नमुना २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला), आरसीचे स्मार्ट कार्ड आणि चासीवर रिपिट मारून बसवायची एक पितळी पट्टी आली.

ती कागदपत्रे टेबलावर पसरून ओळीन्‌ओळ वाचली, तेव्हा एकेक गोष्ट खटकू लागली. प्रमाणपत्रात माझ्या गाडीचा चासी क्रमांक देऊन, ती ताशी ५६ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवण्याच्या समोरच्या धडकेच्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याचे लिहिले होते. या चाचणीत गाडीचा पुढचा भाग चेमटून जातो, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटला तर अजून रंगसुद्धा लागलेला नव्हता. खाली उत्सर्जनाच्या रकान्यात भारत स्टेज सहा. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना लागू झालेला हा निकष जुने कार्बुरेटरचे इंजिन पूर्ण करील, यावर कोणताही मेकॅनिक हसेल. पितळी पट्टीवर सतरा अक्षरांचा क्रमांक सुबक कोरला होता, पण त्यात ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर होते. शून्य आणि एक या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून वाहन ओळख क्रमांकात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे जगभरात कुठेच वापरली जात नाहीत. बनावट क्रमांक करणाऱ्याला एवढेही ठाऊक नव्हते. एमपरिवहन ॲपवर आरसीचा नोंदणी क्रमांक टाकला, तर समोर भलत्याच मालकाची दुचाकी आली.

चाचणी संस्थेला प्रमाणपत्राची प्रत पाठवून विचारणा केली असता, या क्रमांकाचे कोणतेही प्रमाणपत्र दिलेले नाही असे लेखी उत्तर मिळाले. आरटीओतील अधिकाऱ्यांनी समजावले की नव्या वाहनाचे मॉडेल आणि चासी क्रमांक उत्पादकाकडूनच ‘वाहन’ या सरकारी नोंदणीच्या संगणक प्रणालीत चढवले जातात. ती नोंद नसेल तर हातातला कागद कितीही शिक्क्यांचा असला तरी पुढे काहीच होत नाही.

जाब विचारल्यावर त्या गृहस्थांनी पैसे परत देण्याऐवजी दुसराच प्रस्ताव मांडला, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक घातक आहे. कटिंगला, म्हणजे भंगारात तोडायला गेलेल्या एका जुन्या जीपची आरसी आणून द्यायची, तिचा चासी क्रमांक माझ्या पाइपवर पंच करायचा, आणि फेरफार केलेली जीप म्हणून गाडी चालवायची. ‘पंजाब-हरियाणाकडच्या कितीतरी जीप अशाच फिरतात’ हे वर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी ते पुन्हा स्पष्ट केले आहे. शिवाय क्रमांक बदलून पंच करणे हा उघड गुन्हा, आणि त्यात गाडीचा मालकच पहिला अडकतो. अशा गाडीने अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील, हे वेगळे सांगायला नको. मी नकार दिला. त्यानंतर त्यांचा फोन बंद झाला तो आजतागायत.

भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ खाली आणि बनावट दस्तऐवजाच्या कलमांखाली तक्रार नोंदवली आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते जवळजवळ रिकामे सापडले. ऑनलाइन पैसे पाठवलेल्यांनी पोलीस ठाण्याची वाट न पाहता तत्काळ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी ती गोठवली जाण्याची शक्यता तेवढीच असते. ज्यांच्याकडे अशी पितळी पट्टी किंवा प्रमाणपत्र आले असेल, त्यांनी पट्टी चासीवर बसवू नये, आरसी कार्ड गाडीसोबत वापरू नये आणि व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नये. बनावट दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो कार्ड दाखवणाऱ्यावर लागतो.