सुपरचार्जर ठीक आहे, बसवणाऱ्यांना पाचापैकी अडीच

न्यू जर्सीत राहतो, गाडी १९९९ची माझदा मियाटा, दुसऱ्या पिढीची, १.८ लिटरवाली. कंपनीतून १४० हॉर्सपॉवर घेऊन आलेली ही गाडी आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची म्हातारी, तरी हायवेला जोर कमी पडतो म्हणून वापरलेला सुपरचार्जर (इंजिनच्या बेल्टवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) किट घेतला आणि इथल्या एका ट्यूनिंग गॅरेजकडून बसवून घेतला. किट आणि मजुरी मिळून जवळजवळ गाडीइतकाच खर्च झाला, म्हणजे नाकापेक्षा मोती जड, हे बायकोने आधीच ऐकवलंय, तुम्ही परत ऐकवू नका.

आधी किटबद्दल. आत ईटन कंपनीचा एम४५ ब्लोअर, म्हणजे तो हवेचा पंप आहे, रूट्स टाइपचा (दोन रोटर एकमेकांत फिरून हवा ढकलणारा), एका फेऱ्यात ४५ घनइंच हवा ढकलतो, जुन्या मिनी कूपर एसमध्ये हाच असायचा. एक्झॉस्टवर फिरणाऱ्या टर्बोसारखी वाट बघायला लावत नाही, पाय दाबला की लगेच ओढ. आवाज थेट मिक्सरचा, चटणी वाटताना येतो ना तसा, मला आवडतो. गॅरेजवाल्यांनी काम तीन दिवसात केलं, बोलायला गोड होते, वायरिंग नीट टेप करून दिलं, ट्यून (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) पण बरा केला. त्याचे मार्क दिले.

पण घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी तमाशा सुरू. सिग्नलला उभी राहिली की आरपीएम ७०० वरून १५००, परत खाली, परत वर, शेजारच्या गाडीतल्याला वाटावं मी रेस लावतोय. चेक इंजिन लाइट लागला, कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी हवा जास्त. वर ५५०० आरपीएमच्या पुढे बेल्ट किंचाळायचा आणि बूस्टचा, म्हणजे ब्लोअरने दिलेल्या जादा दाबाचा, काटा ६ पीएसआयवरून ४ वर घसरायचा. परत घेऊन गेलो तर म्हणाले ऑक्सिजन सेन्सर जुना झालाय. बदलला, सेन्सरचे वेगळे आणि दोन तासांची मजुरी वेगळी, आणि गाडी जशीच्या तशी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग मीच गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला फोन जोडून आकडे बघायला लागलो आणि घोडं कुठं पेंड खातंय ते तिथेच कळायला लागलं. आयडलला (पाय न दाबता इंजिन नुसतं चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून किती पेट्रोल वाढवतो ते, प्लस २१ टक्के, २५०० आरपीएमला फक्त प्लस ५. सेन्सर बिघडला असता तर सगळीकडेच गडबड दिसली असती. आयडलला जास्त आणि रेस केल्यावर कमी म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय, इंजिन हळू असताना तेवढीशी गळती पण मोठी पडते. आणि गंमत म्हणजे बूस्टमध्ये उलटं, वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) १०.८ दाखवत होता, हवं होतं ११.८ च्या आसपास. म्हणजे तिथे रिच, पेट्रोल जास्त. कारण त्याच भोकातून आता मोजलेली हवा बाहेर जातेय, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकतोय. आयडलला लीन, बूस्टमध्ये रिच, याचा अर्थ गळती ब्लोअरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला. हे गॅरेजवाल्याला दहा मिनिटांत कळायला हवं होतं.

मित्राकडून स्मोक मशीन आणलं, बेबी ऑइल तापवून धूर करतं आणि तो आत सोडला की गळती दिसते, दाब दोन-तीन पीएसआयच, जास्त नाही द्यायचा. एअर फिल्टर काढून त्या तोंडावर रबरी ग्लोव्ह बांधला, तो धुराने फुगून असा उभा राहिला की जणू ट्रॅफिक हवालदार थांब म्हणतोय. आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला जिथे हात पण जेमतेम जातो, तिथून धुराची बारीक रेघ. आरसा आत घालून बघितलं तर एका रिकाम्या निपलवरची (बारीक नळीच्या तोंडावरची) रबरी टोपी खालच्या बाजूने फाटलेली. वरून एकदम नवीकोरी दिसत होती! त्या टोप्या व्हॅक्यूमसाठी असतात, बूस्ट आणि ब्लोअरची उष्णता त्यांना झेपत नाही. जाड सिलिकॉनची टोपी आणि क्लॅम्प, खर्च एका वडापावाएवढा, म्हणजे इथल्या वडापावाएवढा. ट्रिम प्लस ३ वर आला, आयडल ८५० ला शांत.

बेल्टचं वेगळं. कव्हरखाली काळी पावडर साचली होती, पुलींवर स्टीलची पट्टी धरली तर आयडलर (बेल्टला आधार देणारी पुली) रेषेच्या दोनेक मिलिमीटर बाहेर. ब्रॅकेटखाली लागणारे वॉशर किटच्या पिशवीतच पडून होते, न उघडलेले! माझ्याकडे ती पिशवी "उरलेलं सामान" म्हणून परत दिली होती. वॉशर घातले, बेल्ट नवा ताणला, आता काटा वरपर्यंत ६ वर थांबतो.

शेवटचं म्हणजे एकदा जोरात चालवून आलो तर डिपस्टिक अर्धा इंच वर आलेली आणि बॉनेटच्या आतून ऑइलचे शिंतोडे. जुना पीसीव्ही व्हॉल्व (इंजिनच्या पोटातल्या वाफा मॅनिफोल्डकडे सोडणारा) बूस्टमध्ये बंदच होत नव्हता, सगळा दाब क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या पोटात. ब्लोअर बसवताना हा बदलायलाच हवा, आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. स्पार्क प्लग मात्र त्यांनी एका नंबरने जास्त थंड (उष्णता लवकर सोडणारे) घातले होते, गॅप पण १.१ वरून ०.८ मिलिमीटरला आणला होता, म्हणजे माहिती होती, फक्त घाई होती. ९३ ऑक्टेन टाकतो, नॉक (पेट्रोल अवेळी पेटल्याची टकटक) ऐकू येत नाही.

तर किटला चार, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा गार करणारा) नसल्यामुळे जुलैत ट्रॅफिकमध्ये पंधरा मिनिटं रांगली की जोर जाणवण्याइतका कमी होतो म्हणून एक कापला. गॅरेजला अडीच. सेन्सरचे पैसे परत मागितले तर "पुढच्या ऑइल चेंजला सूट देऊ" म्हणाले, ऑइल मी घरीच बदलतो. बाबांना व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, तर त्यांचा एकच प्रश्न, "आधी चालत नव्हती का रे?"