सुरक्षेचा ॲनिमेशन व्हिडिओ: टेम्पलेटवर स्वतः करायचा की स्टुडिओकडून?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यात एचआर किंवा आयटी सांभाळणाऱ्याच्या गळ्यात हे काम कधी ना कधी पडतंच: "दोन मिनिटांचा व्हिडिओ करून टाका, लोकांना सायबर फसवणुकीचे आणि घुसखोरीचे धोके कळले पाहिजेत." कुणाकडून करायचा, इथे घोडं अडतं.

कॅनव्हा, पावटून, व्यॉन्ड या टेम्पलेटच्या वेबसाइटांवर पात्रं आणि हालचाली तयार मिळतात. संवाद पक्के असतील तर दोन-तीन दिवसांत काम उरकतं. पावटूनच्या फुकट आवृत्तीत त्यांचा शिक्का उमटतो, व्यॉन्डचं बिल डॉलरमध्ये येतं. पण खरी अडचण वेगळीच. तिथलं ऑफिस म्हणजे काचेची केबिन आणि कॉफीचा मग. आपल्याकडे अनोळखी माणूस आत घुसतो तो शिफ्ट सुटताना, गेटवरच्या गर्दीत, वॉचमन टेम्पोवाल्याची नोंद करत असताना. हे दृश्य टेम्पलेटमध्ये सापडत नाही, आणि मशीनवरचा माणूस "हे पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांचं" म्हणून मान फिरवतो.

स्टुडिओ तुमचं गेट, तुमचा युनिफॉर्म हुबेहूब काढून देईल. पैसे का जास्त, तेही समजून घ्या. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रं, धरा. एक चित्र दोन फ्रेम चालवलं तरी दोन मिनिटांना १,४४० चित्रं होतात. म्हणून बहुतेक जण हातपाय सुटे असलेली कठपुतळीसारखी पात्रं हलवतात. तरीही स्टोरीबोर्ड (दृश्यांचा कच्चा चित्र-आराखडा) मंजूर झाल्यावर "वॉचमनला टोपी घाला" म्हणालात की वेगळं बिल आलंच.

माझा कल दुरुस्तीच्या सोयीकडे आहे. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आधी १५५२६० होती, पुढे १९३० झाली. व्हिडिओत जुना नंबर असेल तर टेम्पलेटवाला पाच मिनिटांत बदलतो. स्टुडिओकडून फक्त एमपी४, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल, घेतली असेल तर पुन्हा त्यांच्या दारात. प्रोजेक्ट फाइल (जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) मिळणार हे ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

जोडाक्षरांची परीक्षा दोघांचीही घ्या. "दुसऱ्याच्या पासवर्डवर" एवढंच टाइप करून नमुना मागवा. आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय नीट लावलेली नसेल तर अक्षरं फुटतात, आणि पडद्यावरची अक्षरंच इथे महत्त्वाची. प्रेसशॉपच्या आवाजात निवेदन कोण ऐकणार?

अकाउंट्ससाठी टेम्पलेट बिनधास्त घ्या. सप्लायरच्या नावाने मेल येतो, "आमचं बँक खातं बदललंय", आणि पेमेंट भलतीकडे जातं. हा प्रसंग टेबल-खुर्चीवरच घडतो, तयार पात्रं चपखल बसतात. शेवटचं दृश्य मात्र नीट दाखवा: मेलमधल्या नंबरवर नाही, जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन.

गेट, पेनड्राइव्ह, कंत्राटी कामगारांचे पास हे विषय असतील तर स्टुडिओ. तेही एकच मिनिट करून घ्या आणि उरलेल्या पैशांत हिंदी मजकूर भरा. परप्रांतीय कामगारांना तोच लागेल.